सवलतीचा विस्तार आणि जतची शाळा

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्याच वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. विरोधकांपाशी कारणे पुष्कळ होती. त्यांत ‘एवढा पैसा आणावयाचा कोठून?’ हा प्रश्न पुढच्या रांगेत होता. पाच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि नुसता हुकूम काढून न थांबता त्यासाठी खर्चाची तरतूदही केली. साम्राज्याने जे नाकारले ते एका संस्थानाने करून दाखविले. ही जुनी हकीकत आज आठवण्याचे कारण असे की, शिक्षणाचा खर्च नाकारणारे सरकार आता आपल्याकडे राहिलेले नाही. खर्चाला मान्यता द्यावयाची आणि बिल मात्र थकवावयाचे, ही नवी रीत पडली आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आणि त्यांची फी सरकारने भरून द्यावयाची, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. गरिबाच्या मुलाला आपल्या गल्लीतील चांगल्या शाळेची पायरी चढता यावी, हा हेतू थोर आहे. त्याविषयी आमचा वाद नाही. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. ही मर्यादा वाढवून अधिक कुटुंबांना सवलतीच्या कक्षेत आणावे, ही मागणी सध्या मध्यमवर्गाला जिव्हाळ्याची वाटते. आम्हांलाही ती वाजवी वाटते. परंतु मागणीबरोबर हिशेबही मांडला पाहिजे.

मर्यादा किती जुनाट झाली आहे, ते साध्या गुणाकाराने कळते. दिवसाला ३०० रुपये मिळविणारे नवरा-बायको दोघेही वर्षातून १७० दिवस कामावर गेले, तर त्यांचे उत्पन्न १ लाख २ हजार रुपये होते आणि ते कुटुंब कायद्याच्या दृष्टीने ‘दुर्बल’ राहत नाही! अशा मर्यादेने खरे बोलणारा मजूर बाहेर पडतो आणि दाखला मिळविण्याची हातोटी असलेला माणूस आत शिरतो.

आता खर्चाची बाजू. राज्यात २०२३-२४ साली सुमारे ८,८०० शाळांत सुमारे १ लाख जागा या योजनेखाली होत्या आणि त्यांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले. सरकारने भरपाईचा दर दरसाल दर मुलामागे १७,६७० रुपये धरला आहे. सर्व जागा भरल्या आणि पूर्ण दराने पैसे द्यावे लागले, तर एका इयत्तेचे सुमारे १७७ कोटी रुपये होतात. हक्क आठवीपर्यंत चालतो. म्हणजे आठ इयत्तांचे मिळून वर्षाला १,४०० कोटींच्या घरात रक्कम जाते. कित्येक शाळांची फी या दराहून कमी असल्याने प्रत्यक्ष आकडा खाली येईल, हे मान्य. तथापि, बोजाचा अंदाज येण्यास एवढे पुरेसे आहे.

हा बोजा सरकारने कसा उचलला? कोरोनाच्या साथीत २०२०-२१ साली दर ८,००० रुपयांवर आणण्यात आला. उरलेल्या रकमाही वेळेवर मिळत नाहीत, अशी शाळांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. त्यांच्या संघटना थकबाकीचा आकडा दोन हजार कोटींच्या पुढे सांगतात. आकड्यात घासाघीस होऊ शकेल, थकबाकी मात्र कोणी नाकारलेली नाही. परिणाम असा की, पैसेवाली शाळा तोटा इतर पालकांच्या फीवर टाकते, लहान शाळा शिक्षकांचे पगार लांबविते आणि सवलतीने आलेले मूल ‘फुकटे’ म्हणून ओळखले जाते. आम्ही काही वर्षे हाती खडू धरलेला आहे. वर्गात ‘ई.बी.सी.’चे अर्ज भरून घेताना नाव पुकारल्यावर उठणारी मुले खाली मान घालून उभी राहत, ते अजून विसरता येत नाही. त्या फीचे पैसे वेळेवर येत, म्हणून निदान त्यांना कोणी वर्गाबाहेर काढीत नसे.

ही ई.बी.सी. सवलत यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, १९५९ साली सुरू झाली. वार्षिक ९०० रुपयांची मर्यादा पुढे १,२०० रुपयांवर नेण्यात आली आणि त्या एका निर्णयाने खेड्यापाड्यांतील हजारो घरांत पहिला मॅट्रिक झालेला मुलगा दिसू लागला. सवलतीचा विस्तार सत्कारणी लागू शकतो, याचा याहून चांगला पुरावा नको. मात्र तेव्हाची आणि आताची गोष्ट एक नाही. तेव्हा मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येकाला फी माफ होत असे. आता जागाच २५ टक्क्यांवर बांधलेल्या आहेत. नुसती मर्यादा वाढविली, तर जागा तेवढ्याच राहतील आणि सोडतीत स्पर्धक वाढतील. साठ हजार कमावणाऱ्याचे मूल तीन लाख कमावणाऱ्याच्या मुलाशी एकाच चिठ्ठीच्या भरवशावर उभे राहील. आणि जागाही वाढवावयाच्या म्हटल्या, तर वरचा सगळा गुणाकार पुन्हा करावा लागेल.

हा गुणाकार आधी नीट न केल्यास काय होते, ते अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने दाखविले आहे. पसंतीच्या शाळेसाठी सरकारी पैसा देणारी योजना त्या राज्याने २०२२ मध्ये सर्व मुलांना खुली केली. २०२३-२४ च्या खर्चाचा मूळ अंदाज साडेसहा कोटी डॉलरांचा होता; प्रत्यक्ष खर्च त्याच्या अनेक पटींनी झाला. विस्तारानंतर प्रथम अर्ज करणाऱ्यांत बहुतेक मुले सरकारी शाळेतील नव्हतीच. म्हणजे जे पालक स्वतःच्या खिशातून फी भरीत होते, त्यांचा खिसा सरकारने भरला.

आमच्या सरकारने बोजा टाळण्यासाठी दुसरी वाट धरली. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या बंधनातून सूट, असा नियम ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढण्यात आला. पालकांनी अर्जांकडेच पाठ फिरविली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात नियमाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्यास नकार दिला. स्थगितीनंतर नव्याने मागविलेल्या अर्जांचा आकडा दोन लाखांच्या वर गेला. जवळच्या सरकारी शाळेवर पालकांचा विश्वास किती उरला आहे, हे त्या दोन लाखांनी सांगितले.

आणि येथेच आम्हांला जतची आठवण होते. डफळ्यांचे हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. विस्ताराने हा सांगली जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका, पावसाने मात्र सदैव हात आखडलेला. जत शहरात खासगी शाळा आहेत. परंतु उमदी, संख, माडग्याळ या पूर्वभागातील वाड्यावस्त्यांवर मुलाच्या पायाखाली येणारी शाळा एकच, ती जिल्हा परिषदेची. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुलाला बरोबर नेते. त्याच्यापुढे शाळांची निवड नसते, शाळा की फड एवढीच निवड असते. सीमेवरच्या या गावांतून कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागांची ओरड दोन्ही माध्यमांत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला आणि महाराष्ट्रातील कन्नड शाळांना अनुदान देण्याची भाषा केली, तेव्हा मुंबईत मोठा संताप झाला. तो योग्यच होता. परंतु शेजाऱ्याला अशी भाषा करावयास जागा कोणी ठेवली, हेही विचारावयास हवे होते.

सवलतीचा विस्तार झाला, की वाढलेला पैसा खासगी शाळा जेथे दाट आहेत त्या पुणे, नाशिक, नागपूर या शहरांकडे वाहणार. जतचे पालकही तोच कर भरतात. त्यांच्या वाट्याला त्यातले काय येणार? विस्ताराची खरी किंमत अंदाजपत्रकाच्या या न लिहिलेल्या रकान्यात आहे.

म्हणून उत्पन्नाची मर्यादा सरकारने अवश्य वाढवावी. पण तत्पूर्वी शाळांची थकबाकी फेडावी. सोडतीत सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पहिला मान द्यावा. पुढील पाच वर्षांच्या खर्चाचा तक्ता विधिमंडळापुढे ठेवावा. आणि खासगी शाळेतील एका मुलामागे आपण जितके वाढवू, तितके जतसारख्या तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या मुलामागेही वाढवू, असे त्याच तक्त्यात लिहून द्यावे. त्याची सुरुवात रिकाम्या जागी शिक्षक नेमून व्हावी. शहरातील आमच्या वाचकांनी आपल्या मुलांसाठी सवलत मागताना ही शेवटची मागणीही तितक्याच आवाजात करावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.