कंट्रोल रूममधली आठ पायांची चिप

तारापूर एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत तापमान, दाब, पंप हे सारं कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतं. तो पडदा चालवणारा संगणक बहुधा साधाच असतो. त्याला अँटिव्हायरस असतो, पासवर्ड असतो, पेन ड्राइव्हला बंदी असते. पण हा पहारा विंडोज सुरू झाल्यावर बसतो. त्याआधीचे काही सेकंद मदरबोर्डवर फर्मवेअरची, म्हणजे मशीन जागी करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सत्ता असते, आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही.

हे फर्मवेअर असतं एका आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये. तिची क्षमता साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट. बटण दाबलं की इंटेलचा प्रोसेसर ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे पहिली सूचना शोधतो. तो पत्ता या चिपमध्ये नेतो. तोवर रॅमसुद्धा वापरण्याजोगी झालेली नसते; तिला कामाला लावणं हेही फर्मवेअरचंच काम. म्हणूनच इथे शिरलेला घुसखोर हार्ड डिस्क बदलून किंवा विंडोज नव्याने टाकून जात नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने असंख्य संगणकांच्या फर्मवेअर चिपमधला मजकूरच बिघडवला. २०१८ मध्ये ईसेट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सापडलेला लोजॅक्स हा घातक प्रोग्राम तर चिपमध्ये मुक्काम ठोकून बसत होता.

मग आतला कोड मालकाला वाचता का येऊ नये? १९९९ मध्येच अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस हे खुलं फर्मवेअर सुरू केलं; २००८ पासून त्याचं नाव कोअरबूट. आज क्रोमबुकांमध्ये तेच चालतं. त्याचा कोड कुणालाही तपासता येतो आणि त्याच कोडपासून पुन्हा तीच फाइल बनवून चिपशी ताडता येते. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. नुसता कोड खुला असून भागत नाही. मशीनमध्ये तोच आहे, हे सिद्ध करता आलं पाहिजे. अर्थात नव्या इंटेल मदरबोर्डांवर रॅम जागी करणारा भाग आजही कंपनीकडून बंद स्वरूपातच येतो. तो अडसर खरा आहे.

कोड वाचता येण्याइतकंच तो कुणाला बदलू न देणंही महत्त्वाचं. सुरुवातीच्या क्रोमबुकांत त्यासाठी एक स्क्रू असे. तो जागेवर असेपर्यंत फर्मवेअरच्या मूळ भागावर लिहिता येत नसे. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन या घातक प्रोग्रामने थेट सुरक्षा नियंत्रकांच्या फर्मवेअरला हात घातला. त्या नियंत्रकांनाही असे बदल रोखणारी किल्ली होती, पण ती ‘प्रोग्राम’ स्थितीत राहून गेली होती. तारापूर एमआयडीसीतल्या रसायनांच्या शेजारी राहणाऱ्या बोईसरकरांनी ही घटना लक्षात ठेवावी.

तारापूरचं अणुवीज केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय कामाच्या एका संगणकात मालवेअर सापडल्याचं मान्य केलं. नियंत्रण यंत्रणा वेगळी असल्याने ती सुरक्षित राहिली. वेगळं जाळं हवंच, पण नवा मदरबोर्ड शेवटी बाहेरूनच आत येतो.

त्यामुळे खरेदीच्या अटींतच फर्मवेअरला किती वर्षं अपडेट मिळणार आणि लेखनबंदी कशी करायची, हे लिहून घ्यावं. नवी मशीन आली की फ्लॅशरॉम या मोफत प्रोग्रामने चिपची प्रत काढून ठेवावी आणि वार्षिक शटडाउनमध्ये पुन्हा ताडून पाहावी. हे काम पालघरच्या इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवता येईल. मात्र त्यांना एक गोष्ट आधी समजावून द्यावी लागेल: सेटिंग्ज साठवण्याचा भाग रोजच्या वापरात बदलत राहतो, म्हणून पूर्ण प्रत सहसा जुळणार नाही, ताडायचा तो फक्त कोडचा भाग.