झोपेतून उठला, पण नेट विसरला!
शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची रात्र. मुलगी उत्पन्नाचा दाखला शोधायला उठली, तेवढ्यात संगणक झोपी गेला. जागा केला तर नेट गायब! दुरुस्तीवाला मागेच म्हणाला होता, "कार्ड बदला." पण संगणक बंद करून पुन्हा चालू केला की नेट येई, मग कार्ड बिघडले कसे म्हणावे?

खरी गोष्ट अशी : वीज वाचवण्यासाठी विंडोज झोपताना नेटवर्क कार्डही बंद करू शकते, आणि ते कधी कधी नीट जागे होत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्समध्ये आपले कार्ड शोधले. प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणाऱ्या पहिल्या ओळीसमोरची खूण काढली. (काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसतच नाही, तिथे कार्डाचा ड्रायव्हर नव्याने घालून पाहावा.) मुद्दाम झोपवून उठवला. नेट जागेवर! अकराच्या सुमारास अर्ज गेला.