एक खिडकी, अनेक वह्या

बालमित्रांनो, गणित, मराठी, विज्ञान सगळं एकाच वहीत लिहिलं तर? नुसता गोंधळ! संगणकाच्या टर्मिनलमध्येही तसंच होतं. टर्मिनल म्हणजे माऊसऐवजी आज्ञा टाइप करून कामं करून घ्यायची खिडकी.

लिनक्सवरच्या जीनोम टर्मिनलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबा, की त्याच खिडकीत नवा टॅब हजर! प्रत्येक टॅब ही वेगळी वही. एकात मोठं काम चालू ठेवा, दुसऱ्यात पुढचं करा. ऑल्ट आणि १ दाबलं की पहिला टॅब, ऑल्ट आणि २ दाबलं की दुसरा.

तुम्ही विचाराल, "बाई, टॅब उघडताना शिफ्ट कशाला?" कारण टर्मिनलमध्ये नुसत्या कंट्रोलच्या जोड्यांना आधीच कामं नेमलेली असतात. कंट्रोल-सी दाबलं, तर चालू कामच थांबतं! मजकूर कॉपी करायला तिथेही शिफ्ट हवं.

आता माझी फजिती ऐका. गडचांदूरला घरी बसून मी स्नेहसंमेलनाचे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवत होते. दुसरा टॅब मिटायला कंट्रोल, शिफ्ट आणि डब्ल्यू दाबायचं होतं; बोट शेजारच्या क्यूवर पडलं. क्यूने अख्खी खिडकी मिटते! "कामं चालू आहेत, बंद करायचं का?" असं संगणकाने विचारलंही. मी न वाचताच होकार दिला. सगळ्या टॅबमधली कामं बंद, फोटो अर्धेच उतरले! मूळ फोटो शाबूत होते, म्हणून निभावलं.

तर दोस्तांनो, संगणक काही विचारतो तेव्हा आधी वाचा, मगच बटण दाबा. वाचाल ना?