खोड की दुखणं?

बैलबाजारात दात पाहून झाले, चालवून पाहिलं, की गिऱ्हाईक हळूच विचारतं, 'काही खोड?' विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, 'खोड म्हणाल तर अजिबात नाही!' या एका शब्दावर व्यवहार ठरतो किंवा मोडतो.

'ते खोड' म्हणजे झाडाचा बुंधा. 'ती खोड' म्हणजे अंगी मुरलेली वाईट सवय. पोर खोडकर असतं, शेजारी खोडी काढतो. आणि 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. घोटाळा इथंच होतो. एकदा खोड म्हटलं, की ती जायची नाही असं आपण धरून चालतो. मग कारण बघायचं राहून जातं.

गाय माती चाटते, चिंध्या, हाडं चघळते. बऱ्याचदा ही खोड नसून स्फुरदाची कमतरता किंवा पोटातले जंत असतात. हाडं चघळण्यातून जीवघेणी विषबाधाही होऊ शकते. पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं जंताचं औषध आणि आंबोणात खनिज मिश्रण द्यावं.

दूध काढताना गाय लाथ मारू लागली तर आधी सड पाहा. भेग असेल, कासदाह सुरू झाला असेल. पहिल्या धारा काळ्या भांड्यात घ्या. गाठी दिसल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पान्हा चोरणाऱ्या गाईला मारू नका, घाबरलेली गाय आणखी चोरते. जू ठेवताना बैल बिचकला तर खांदा सुजलाय का, हात लावून बघा.

काही जनावरं मुळातच मारकी असतात, हे खरं. पण जुनी खोड वेगळी आणि अचानक लागलेली वेगळी. नव्या खोडीला आधी दुखणं समजावं. नाहीतर थोड्या औषधानं बरं होणारं जनावर मार खातं, नाहीतर पडत्या भावानं विकलं जातं.

माणसाचंही तसंच. कालपर्यंत पारावर बसणारा शेतकरी एकाएकी कुणाशी बोलेनासा होतो, ग्रामसभेला येत नाही. 'त्याला खोडच आहे' म्हणून गाव मोकळं होतं. गावपातळीवर काम करणारे आम्हीही तसंच म्हणतो. त्याच्या मागं कर्ज असेल, घरात आजारपण असेल. शिक्का मारण्याआधी त्याच्या घरी जाऊन दोन शब्द विचारावेत. विचारायला पैसा लागत नाही.