साहित्य असं घडवा, की मुलं त्याच्या पुढे जातील

‘कल्पकतेला वाव देणारं शैक्षणिक साहित्य’ हे शब्द हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात कानावर पडतात. असं साहित्य घडवायचं कसं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. म्हणून एक जुनं आणि अगदी स्वस्त उदाहरण घेऊन ते टप्प्याटप्प्याने पाहू: आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब.

मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. गावातल्या शाळांना प्रयोगशाळा परवडणारी नव्हती, म्हणून जवळच्या बाजारात मिळेल त्यातूनच प्रयोग बसवले गेले. पुण्यात टेल्कोत नोकरीला असलेले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि काड्या-नळीचे हे सांगाडे त्या काळात आकाराला आले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी अशीच खेळणी केली.

वस्तूची निवड

तीन गोष्टी तपासाव्यात. वस्तू गावात मिळते का? मोडली तर मूल स्वतः दुसरी आणू शकतं का? आणि ती मोडेल या धाकाने कपाटात कुलूपबंद तर राहणार नाही ना? काडेपेटी आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानातली नळी या तिन्ही कसोट्यांना उतरतात.

सांधा

आगकाड्यांचं गूल आधी खरवडून टाका. नळीचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचल्या, की दोनचा सांधा झाला. तुकड्याच्या मध्यावर बाभळीच्या काट्याने भोक पाडून त्यात टोक केलेली तिसरी काडी बसवली, की तीनचा. आरपार भोकातून नळीचा दुसरा तुकडा ओढून घेतला, की चारचा. लहान वर्गांत भोकं बाईंनी किंवा गुरुजींनीच पाडून द्यावीत.

या साहित्याचं मर्म सांध्यात आहे. रबर वाकतं, त्यामुळे दोन काड्यांमधला कोन आधीच ठरलेला नसतो. काटकोनात पक्के बसणारे प्लास्टिकचे सांधे दिले असते, तर वर्गात फक्त चौकटी आणि खोके तयार झाले असते. साहित्य घडवताना कोणता निर्णय आपण घ्यायचा आणि कोणता मुलाच्या हाती सोडायचा, हे अशा बारीक जागी ठरतं.

क्रम

पहिल्यांदा त्रिकोण. तो दाबला तरी बदलत नाही. मग चौकोन. तो हात लागताच कलतो आणि समभुज चौकोन होतो. पंचकोन तर कधी घर होतो, कधी होडी. यानंतर कोडं घाला: सहा काड्यांत चार त्रिकोण करा. टेबलावर सपाट मांडून ते जमत नाही; काड्या वर उचलल्या, की चतुष्फलक उभा राहतो.

त्यानंतर १२ काड्या द्या. त्यांचा घन केला तर तो लुळा पडतो. त्याच १२ काड्यांत चारचे सहा सांधे घेऊन आठ त्रिकोणांचा अष्टफलक केला, तर तो ताठ राहतो. कारण शिक्षकांना माहीत असावं. अशा बंद, त्रिमितीय सांगाड्याला ताठ राहायला किमान किती काड्या लागतात, याचा हिशेब असा: सांध्यांची संख्या गुणिले तीन, वजा सहा. अष्टफलकाला सहा सांधे, म्हणजे १२ काड्या, बरोबर पुरतात. घनाला आठ सांधे, म्हणजे १८. सहा कमी पडतात. म्हणूनच घनाच्या सहाही बाजूंवर एकेक कर्ण बांधला, की तो ताठ होतो. कर्ण काडीच्या सुमारे १.४ पट लांब लागतो. खराट्याचे हीर चालतील. हा हिशेब कार्डावर मात्र छापू नये.

कार्डाची भाषा

‘आकृती पाहून घन तयार करा’ असं लिहिलं, तर वर्गात एकसारखे तीस घन मिळतील. ‘काहीही बनवा’ असं लिहिलं, तर निम्मी मुलं बसून राहतील आणि उरलेली शेजाऱ्याचं पाहून करतील. मुलाला एक अट हवी असते. उदाहरणार्थ: ‘१२ काड्या वापरा. वर वही ठेवली तरी कलणार नाही अशी वस्तू करा.’ वही ठेवली, की उत्तर लगेच कळतं. बाईंच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही. सांधा कसा करायचा याचं चित्र कार्डावर हवंच. तयार वस्तूचं चित्र नको. शेवटी एक ओळ कोरी ठेवा: ‘आता तुमचा प्रश्न लिहा.’

चाचणी

छपाईआधी चार-पाच मुलांना कार्ड द्या आणि आपण गप्प बसा. मुलं हाताने अडत असतील, म्हणजे भोक पडत नाही, काडी निसटते, तर साहित्य सुधारा. विचारात अडत असतील, तर थोडं थांबा; तिथेच शिकणं चाललेलं असतं. सगळ्या गटांकडून एकच वस्तू आली, तर कार्डाने जास्त सांगितलं असं समजा. कोणीच सुरुवात केली नाही, तर कमी सांगितलं.

मूल्यमापन

सुबकपणाला गुण देऊ नका. वस्तू का उभी राहिली किंवा का पडली, हे मुलाला सांगता येतं का, ते पाहा. कललेला घनही प्रदर्शनात मांडा, त्याच्यामागच्या कारणासकट.

शाळेसाठी नवा, महागडा संच मागवण्याआधी मुख्याध्यापकांनी एकच प्रश्न विचारावा: ज्याची कल्पना संच करणाऱ्यालाही नव्हती, असं काही मुलांना यातून करता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पैसे काड्या, नळ्या आणि खराट्यांवर खर्च करावेत.