सीडीतले पानिपत

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून ज्या वस्तू खाली येतात, त्यांचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग समई, मोदकपात्र, आजोबांची काठी अशांचा. चिंच लावली, फडके मारले की या वस्तू पुन्हा कामाला लागतात. दुसरा वर्ग अलीकडचा. कॅसेटी, फ्लॉपी आणि सीडी यांचा. या कितीही पुसा, त्या नुसत्या चकाकतात. त्यांच्या पोटात काय आहे हे बाहेरून कळत नाही आणि ज्या यंत्राला ते कळत असे, ते यंत्र भंगारवाल्याने केव्हाच नेलेले असते. घरातल्या बाई विचारतात, “हे टाकू का?” घरातले पुरुष म्हणतात, “राहू दे.” का राहू दे, याचे उत्तर मात्र कोणापाशीच नसते.

मजपाशी ते होते, म्हणून हा लेख.

डाव मांडायचा कसा?

१९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २ : द एज ऑफ किंग्ज’ नावाचा संगणकावरचा खेळ बाजारात आला. अमेरिकेतल्या टेक्सासमधील डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने तो रचला आणि मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ‘द कॉन्करर्स’ ही त्याची पुरवणी निघाली. ज्या वाचकांच्या घरी त्या काळात कॉलेजात जाणारे चिरंजीव होते, त्यांनी तलवारींचा खणखणाट आणि लाकूडतोडीचा ठकठकाट दाराआडून पुष्कळ ऐकला असेल. घरी संगणक नसलेली मुले सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हाच खेळ खेळत.

बुद्धिबळात पट मांडलेला मिळतो. इथे सोंगट्यासुद्धा आपणच पोसायच्या. सुरुवातीला हाती येतात तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि गावातले एक मुख्य घर. त्यांच्याकडून लाकूड, अन्न, सोने आणि दगड गोळा करायचे. शेते करायची, कोट बांधायचे आणि एका युगातून पुढच्या युगात जायचे. अशी चार युगे. मूळ खेळात राज्ये तेरा, पुरवणीत आणखी पाच. दाणागोटा विसरून जो नुसते सैन्य वाढवतो तो हरतो आणि सैन्य विसरून जो नुसता दाणागोटा साठवतो तोही हरतो. प्रपंचाचा धडा याहून वेगळा काय असतो?

परंतु या खेळाची खरी खुमारी आणखी एका सोयीत होती. खेळणाऱ्याला स्वतःचा नकाशा रचता येई. नदी कुठे, टेकडी कुठे, कोणते सैन्य कोठे उभे राहील, काय घडले म्हणजे पुढे काय घडावे, हे सारे आपण ठरवायचे. शिवाय सूचना, इतिहास, जिंकल्यावर दिसणारा मजकूर आणि हरल्यावर दिसणारा मजकूर लिहायला वेगवेगळ्या जागा होत्या.

आमचे पानिपत

आमचे वडील शाळेत इतिहास शिकवीत. त्या दिवसांत गल्लोगल्ली नकली सीडी मिळत. पण “मास्तराच्या घरात चोरीचा माल नको,” असे म्हणून त्यांनी मूळ खेळ आणि पुरवणी दोन्ही रीतसर विकत आणली. त्या महिन्यात आईने वाणसामानाच्या यादीवर दोनदा काट मारली, एवढेच सांगतो.

२००१ च्या सुटीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने या खेळात पानिपत रचायला घेतले. खेळात मराठे नव्हते. तेव्हा चपळ घोडदळ पाहून मंगोलांना मराठे केले आणि हत्ती पाहून इराण्यांना अब्दाली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मांडल्या, यमुना काढली. विश्वासराव पडला की मराठ्यांची निम्मी फौज मैदान सोडू लागेल, अशी योजना केली. इथे आमचे भांडण झाले. भावाला मल्हारराव होळकर मैदानातून जायला नको होते. मला इतिहास बदलायचा नव्हता. निवाडा वडिलांनी केला. ते म्हणाले, “जे घडलं ते तसंच ठेवा. पण जिंकायची वाट अवघड करा, बंद करू नका.” म्हणून विश्वासरावाला दुपार ढळेपर्यंत जिवंत राखणाऱ्याला आमच्या पानिपतावर विजय मिळत असे.

मजकूर सगळा वडिलांनी सांगितला. देवनागरीची सोय नव्हती, म्हणून भावाने तो रोमन अक्षरांत टिपला. एक मजकूर मात्र वडिलांनी आम्हांला खोलीबाहेर काढून, एका बोटाने, स्वतः टंकला. तो हरणाऱ्यासाठी होता. “हराल तेव्हा वाचाल,” ते म्हणाले. गंमत अशी, की आम्ही दोघे तो नकाशा इतका कोळून प्यायलो होतो, की हरलोच नाही. पुढे परीक्षा आल्या, संगणक बदलला. भावाने नकाशा एका कोऱ्या सीडीवर उतरवून ठेवला आणि यथाकाल तो टोरंटोला गेला. वडील २०१६ साली गेले.

चार अडसर

माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. आजोबांनी लिहिलेले काहीतरी या सीडीत आहे हे कळल्यावर तिने माझी पाठ सोडली नाही. तेव्हा या कामातले अडसर एकेक करून कळत गेले. ज्यांच्या माळ्यावर अशी डबी आहे, त्यांच्या उपयोगासाठी ते सांगतो.

पहिला अडसर साधा : नव्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नसते. यूएसबीला जोडायचा बाहेरचा सीडी ड्राइव्ह बाजारात मिळतो, तेवढ्याने भागते. पण सीडी हाताळताना एक ध्यानात ठेवावे. आपण चकाकती बाजू जपतो आणि छापील बाजूवर खुशाल ओरखडे पाडतो. वास्तविक माहिती धरणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. चकाकत्या बाजूला मिलिमीटरभर जाड प्लॅस्टिकचे कवच असते. जपायची ती छापील बाजू. आणि कारखान्यात ठसा मारून निघालेल्या सीडीपेक्षा घरी उतरवलेली सीडी नाजूक. तिच्यातली माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन लागून, वय होऊन विटतो.

दुसरा अडसर भाषेचा. त्या काळच्या पुष्कळ खेळांचे निदान संगणकावर उतरवण्याचे प्रोग्रॅम १६ बिटांचे होते. आजचे ६४ बिटांचे विंडोज ते चालवत नाही. १९९६ चा ‘सिव्हिलायझेशन २’ तर सगळाच तसा होता.

तिसरा अडसर रंगांचा. आमचा खेळ एका वेळी फक्त २५६ रंग वापरतो आणि त्यांची रंगपेटी विंडोजकडून मागून घेतो. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांवर त्या रंगपेटीत दुसऱ्याच प्रोग्रॅमचा हात पडे आणि गवत व पाणी भलत्याच रंगाचे होई. हौशी खेळाडूंनी तयार केलेल्या ‘युजरपॅच’सारख्या दुरुस्त्यांनी असे प्रश्न सोडवले आणि रुंद पडद्याचीही सोय केली. या मंडळींना कोणी पगार देत नव्हते.

चौथा अडसर कुलपाचा, आणि तोच खरा. नक्कल होऊ नये म्हणून मूळ सीडीला ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप होते. त्याची युक्ती मोठी नामी. सीडी छापतानाच तिच्यावर काही जागा मुद्दाम वाचता न येण्याजोग्या ठेवत. घरी नक्कल करू जाल तर त्या खराब जागा नकलेत जशाच्या तशा उतरत नसत. खेळ सुरू करताना एक छोटा प्रोग्रॅम आधी त्या जागा तपासी. दोष सापडला तर वस्तू अस्सल! मगच तो खऱ्या प्रोग्रॅमची गूढ लिपी उलगडी. दोषावरून अस्सलपणा ओळखण्याची ही रीत रत्नपारख्यांनाही आवडावी.

ही तपासणी करणारा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात राहत असे. २००७ मध्ये त्याच्यात एक फट आढळली. तिच्यातून शिरलेल्याला संगणकावर हवा तो अधिकार मिळवता आला असता. अखेर २०१५ मध्ये जुन्या विंडोजमध्ये हा पहारेकरी बंद ठेवण्यात आला आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० मध्ये त्याला जागाच मिळाली नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु परिणाम असा, की कुलूप शाबूत, आतला ऐवज शाबूत, आणि किल्ली ओळखणारा माणूस तेवढा नोकरीवरून गेलेला! यात अडकला कोण? ज्याने अस्सल सीडी घेतली तो. नकली सीडीला कुलूपच नव्हते.

छापखान्यातला डाव

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने आमच्या नकाशाची फाइल साध्या मजकुरासारखी उघडून पाहिली. पहिल्या चार ओळी स्पष्ट दिसल्या : सूचना, वडिलांच्या भाषेत. पुढे नुसता चिवडा. “सर, सुरुवातीचा भाग उघडा असतो, बाकीचा दाबून भरलेला असतो. खेळाशिवाय तो सुटायचा नाही,” तो म्हणाला. आणि मग डोके खाजवत म्हणाला, “माझ्या मामाच्या डीटीपीत एक जुना कॉम्प्युटर आहे. विंडोज एक्सपीचा.”

हा संगणक अजून जिवंत का, हे ऐकून मला विषयाचे मर्म सापडले. युनिकोड येण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत जुळवला जाई. तो फॉन्ट नसेल तर तोच मजकूर आज अक्षरांची भेळ होऊन दिसतो. जुन्या पुस्तकांची पाने उघडावी लागतात म्हणून मामांनी ते धूड सांभाळले होते. इंटरनेटला न जोडता, कापड पांघरून.

रविवारी आम्ही तिथे गेलो. मूळ सीडी घातली, मग पुरवणीची. खेळ विनातक्रार उतरला आणि उघडला. भावाची सीडी तिसऱ्या प्रयत्नाला वाचली गेली. विद्यार्थी म्हणाला, “सर, नकाशा रचायच्या खोलीत जाऊन सगळे मजकूर आत्ताच वाचता येतील.” टोरंटोला मध्यरात्र उलटून गेली होती, तरी फोनवरून भाऊ ओरडला, “दादा, तसं वाचायचं नाही! बाबांनी काय सांगितलं होतं? हरायचं, मग वाचायचं.”

मुलगी खेळायला बसली. तिला खेळ नवा. तासाभरातच विश्वासराव पडला, निम्मी फौज उधळली आणि पडद्यावर रोमन अक्षरे उमटली. तिने ती अडखळत, मोठ्याने वाचली :

“हरलात? हरकत नाही. पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत होते. तुम्ही दहा मिनिटांत हात धुऊन जेवायला या.”

फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाऊ म्हणाला, “१७७१. महादजी. तारीख बरोबर आहे.” मामांनी न विचारताच चहा मागवला.

प्रत आणि पाठ

मराठीचा अध्यापक या नात्याने मला यात एक जुनीच गोष्ट दिसते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे तीन शतकांच्या लेखनात तिच्या प्रतींत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. मूळ पोथी कडीकुलपात ठेवली असती तर हे झाले असते काय? ग्रंथ टिकला तो नकला झाल्या म्हणून, आणि वाचणारे राहिले म्हणून. मोडीची दप्तरे पाहा. कागद धड आहेत, शाई धड आहे. तुटवडा आहे तो वाचणाऱ्यांचा.

आमच्या खेळाचे नशीब थोर. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. २०२२ च्या एका पुरवणीत तर भारतातली राजकुळेही आली. सगळ्यांचे नशीब असे नसते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत, असे आढळले. आणि नवी आवृत्ती मिळाली तरी तिच्यात खेळ मिळतो. आपल्या घराने त्यात घातलेली भर मिळत नाही. ती ज्याची त्यानेच राखायची.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम रीतसर बाळगलेल्या प्रोग्रॅमची प्रत हरवू वा बिघडू नये म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा देते. आपण स्वतः रचलेल्या, लिहिलेल्या, टिपलेल्या गोष्टींना तर कोणाची परवानगीच नको. तेव्हा वाचकहो, घरी उतरवलेल्या ज्या सीडी असतील त्या या सुटीतच एकदा वाचून घ्या, दोन ठिकाणी उतरवून ठेवा, आणि मजकूर असेल तर कागदावरही लिहून काढा. जुना संगणक चालत असेल तर तो लगेच मोडीत काढू नका. त्याच्यावर कापड घाला.

आमच्या वडिलांच्या चार वाक्यांची मुलीने देवनागरीत नक्कल केली आहे. तिच्या मते “हरकत नाही” नंतर उद्गारचिन्ह हवे होते. मी सांगितले, प्रत करताना आपल्या मनचे घालायचे नसते. हवे तर तळटीप दे. तिने ती दिली आहे.