सून नातेवाईक कधी ठरते?

सीएच्या परीक्षेला बसलेली मुले अभ्यास अवघड असल्याची जेवढी तक्रार करतात, त्याहून अधिक तो तेच ते असल्याची करतात. तक्रार खोटी नाही. इन्स्टिट्यूटच्या मॉड्यूलमध्ये सोडवलेले उदाहरण धड्याअखेरच्या प्रश्नांत पुन्हा भेटते, मग आरटीपीत (रिव्हिजन टेस्ट पेपरमध्ये), मग मॉक टेस्टमध्ये. आणि क्लासच्या नोट्समध्ये तर ते आधीपासूनच छापलेले असते. कंपनीचे नाव नवे, आकडे नवे, बाकी मजकूर ओळखीचा. तिसऱ्या वाचनाला डोळे ओळींवरून नुसते घसरत जातात. यावर अभ्यासिकांमध्ये दोन उपाय रूढ आहेत. एक, 'हे येतं' म्हणून पान उलटायचे. दुसरा, वेगळ्या रंगाचा हायलायटर घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. दोन्हींमागे समजूत एकच, की पुढ्यातला मजकूर आधीच्याची नक्कल आहे. माझ्या मते हे साहित्य दिसते तेवढे एकसारखे नसते. त्यातला फरक शोधणे हाच त्याचा खरा अभ्यास आहे, आणि कंटाळ्यावरचा टिकणारा उपायही तोच.

'रिलेटेड पार्टी' हा विषय घ्या. लॉच्या पेपरात तो कंपनी कायद्याच्या कलम 188 मध्ये येतो, ऑडिटमध्ये एसए 550 या स्टँडर्डमध्ये, फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये इंड एएस 24 मध्ये, आणि करांच्या पेपरात जवळच्या माणसांना दिलेल्या अवाजवी रकमांच्या संदर्भात. चौथ्यांदा वाचणाऱ्याला जांभई येणारच. पण नातेवाईक कोण, एवढाच प्रश्न घेऊन ही पाने शेजारी शेजारी ठेवली तर वेगळेच काही दिसते. 2013 च्या कंपनी कायद्याखालील नियमांच्या यादीत मुलाची बायको आहे, आजोबा मात्र नाहीत. अविभक्त हिंदू कुटुंबाचे सदस्य असतील तरच ते वेगळ्या वाटेने आत येतात. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 2(41) मध्ये नेमके उलटे होते: सरळ रेषेतले पूर्वज म्हणून आजोबा नातेवाईक, सून मात्र बाहेर. त्याच कायद्यात भेटवस्तूंची तरतूद आली की तिथल्या स्वतंत्र व्याख्येमुळे सून पुन्हा घरात येई. (आपल्याकडच्या सासवांनाही इतके बारकावे सुचले नसते.) आता 'सुनेला दिलेला पगार' असा प्रश्न आला, तर चार वेळा नुसते वाचलेला विद्यार्थी गडबडतो आणि एकदाच तुलना केलेला आधी विचारतो: कोणता कायदा, कोणते कलम? ऑडिटमधल्या एसए 570 चेही असेच. कंपनीचा मोठा ग्राहक गेला, तोटा साचला, बँक कर्ज वाढवून द्यायला तयार नाही, ही कथा असंख्य वेळा येते. कंपनी पुढे चालेल की नाही याबद्दल मोठी अनिश्चितता असून ती टिपांमध्ये पुरेशी उघड केली असेल तर ओपिनियन अनमॉडिफाइड राहते, अहवालात फक्त स्वतंत्र परिच्छेद येतो. पुरेशी उघड केली नसेल तर क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स. आणि हिशेबच 'गोइंग कन्सर्न' धरून करणे चुकीचे असेल तर थेट अ‍ॅडव्हर्स. गोष्ट तीच, एक वाक्य बदलले की उत्तर बदलते. 2024 च्या मे महिन्यापासून अभ्यासक्रमाच्या नव्या योजनेत इंटर आणि फायनलच्या बहुतेक पेपरांत 30 टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत, आणि असे प्रश्न काढणारा नेमक्या या वाक्यांवरच बोट ठेवतो.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचण्याच्या पद्धतीचा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. 'हे येतं' हा शेरा बहुधा तिथूनच येतो.

यावर ऑडिट आणि लॉचे विद्यार्थी म्हणतील, आम्हाला स्टँडर्डची भाषा जशीच्या तशी लागते, तिथे घोकंपट्टीला पर्याय नाही. एका मर्यादेपर्यंत हे खरे आहे. सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) 500 कोटी नेटवर्थ, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी नफा या मर्यादा तर्काने सुचत नाहीत, त्या पाठच असाव्या लागतात. पण ज्यांनी पाठांतराची परंपरा पराकोटीला नेली, त्या वेदपाठकांनीही एकाच क्रमाने म्हणण्यावर भिस्त ठेवली नाही. क्रमपाठात शब्दांच्या जोड्या साखळीसारख्या येतात, जटापाठात त्याच जोड्या उलटसुलट फिरतात. क्रम मोडला की तोंडाला सवयीवर चालता येत नाही. शिवाय नुसत्या आकड्यांच्या पाठांतराचे आयुष्य कमी. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू झाल्यावर ज्याने केवळ कलमांचे क्रमांक घोकले होते त्याच्या हाती काही उरत नाही. ज्याला तरतुदीमागचे कारण कळले होते त्याला नवे क्रमांक तेवढे लावून घ्यायचे असतात.

वेळेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेपर एक दिवसाआड असले तर संध्याकाळी पाचला सुटल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत हातात 45 तास असतात, त्यातली झोप वेगळी. ज्याला मुले 'दीड दिवस' म्हणतात त्यात तुलनेचे तक्ते करत बसणे शक्य नाही, हे मान्य. पण ते काम दीड दिवसाचे नाहीच, आधीच्या महिन्यांचे आहे. आरटीपीतला ओळखीचा प्रश्न दिसला की तो पूर्ण सोडवण्याऐवजी मॉड्यूलमधल्या प्रश्नापेक्षा त्यात काय बदलले आणि उत्तर त्यामुळे बदलते का, एवढ्या दोन ओळी समासात लिहाव्यात. काहीच बदलले नसेल तर तो प्रश्न बिनदिक्कत सोडून द्यावा. शेवटच्या दीड दिवसात वाचायला या दोन ओळी पुरतात. आणि कंटाळा आला म्हणून आणखी एका फॅकल्टीच्या नोट्स विकत घेणार असाल, तर त्याआधी हातातले मॉड्यूल मिटून त्यातला एक प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवून पाहा.